पहिली रायफल कुठली घ्यायची? थोडं भौतिकशास्त्र, थोडा कायदा

गेल्या महिन्यात पाटण खोऱ्यातला माझा मामेभाऊ कराडला घरी आला होता. जेवणं झाल्यावर मोबाईल पुढं करून म्हणाला, "ताई, तू फिजिक्सवाली ना? मग सांग, पहिली सेंटरफायर रायफल कुठली घेऊ? .३०८ का ६.५ क्रीडमोर?"

तो व्हिडिओ अमेरिकेतला होता. मी त्याला विचारलं, तुला नेमकं करायचंय काय? त्याचं उत्तर दोन भागांत होतं. एक, स्वप्नील कुसाळेचं ऑलिंपिक पदक बघितल्यापासून त्याला नेमबाजी शिकायचीय. दोन, मामाच्या भुईमुगात दरवर्षी रानडुकरं घुसतात, रात्रीत पट्टाच्या पट्टा उकरून टाकतात. "एकाच रायफलीत दोन्ही कामं होतील," असा त्याचा हिशेब.

मी काही नेमबाज नाही. पीएचडी करतेय ती भौतिकशास्त्रात, आणि बंदुकीशी माझा संबंध समीकरणांपुरताच आहे. पण प्रश्न असा आहे की त्यात संवेगही आहे, संख्याशास्त्रही आहे आणि कायदाही आहे. म्हणून त्या रात्री त्याला जे सांगितलं, ते जरा नीट मांडून तुमच्यासाठी लिहितेय.

आधी शब्द: रिमफायर आणि सेंटरफायर म्हणजे काय?

लहानपणी दिवाळीत टिकल्यांची बंदूक उडवली असेल. टिकलीवर हातोडी आपटली की ठो आवाज. काडतुसातही तेच घडतं. आघातानं पेटणारं थोडंसं रसायन असतं, ते पेटतं, त्यानं आतली दारू पेटते, वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून पुढं ढकलतो.

फरक एवढाच, की ती 'टिकली' ठेवलीय कुठं. रिमफायर काडतुसात ते रसायन बुडाच्या पोकळ कडेत, गोल फिरवून भरलेलं असतं. रायफलीची पिन त्या कडेवर आपटते. सेंटरफायरमध्ये बुडाच्या मध्यभागी वेगळी छोटी टोपी बसवलेली असते आणि पिन तिथं आपटते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. रिमफायरमध्ये पिनेनं कड चेपली गेली पाहिजे, म्हणजे धातूचा पत्रा पातळच ठेवावा लागतो. पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही. म्हणून .२२ लाँग रायफल या सगळ्यात प्रसिद्ध रिमफायर काडतुसात कमाल दाब साधारण १६५ मेगापास्कल असतो. सेंटरफायरचं बूड जाड ठेवता येतं, त्यामुळं .३०-०६ सारख्या काडतुसात तो ४०० मेगापास्कलपर्यंत जातो. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पट.

जास्त दाब म्हणजे जास्त वेग, आणि वेग वाढला की ऊर्जा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. हिशेब करून बघा:

- स्पर्धेची १० मीटर एअर रायफल: छर्रा साधारण अर्धा ग्रॅम, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. ऊर्जा सात-साडेसात जूल.
- .२२ रिमफायर: गोळी २.६ ग्रॅम, वेग ३३० मीटर. ऊर्जा सुमारे १४० जूल.
- .३०-०६ सेंटरफायर: गोळी ११ ग्रॅम, वेग ८२० मीटर. ऊर्जा सुमारे ३७०० जूल.

म्हणजे .२२ वरून .३०-०६ वर जाणं ही पुढची इयत्ता नव्हे. मधल्या वीस-पंचवीस इयत्ता गाळून मारलेली ती उडी आहे.

धक्का खांद्याला बसतो, पण बिघडतो नेम

न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो. गोळी पुढं गेली की रायफल मागं येते. किती जोरात, ते संवेगावरून काढता येतं. साडेतीन किलोची रायफल धरू.

.३०-०६ मध्ये गोळीचा संवेग ०.०११ × ८२०, म्हणजे साधारण ९. त्यात जळालेल्या दारूच्या वायूचा संवेग मिळवायचा, तो धरू ४. एकूण १३ (किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद). याला साडेतीननं भागलं की रायफलीचा मागं येण्याचा वेग मिळतो, सेकंदाला पावणेचार मीटर. ऊर्जा सुमारे २५ जूल. अडीच किलोची वस्तू एक मीटरवरून पडताना जेवढी ऊर्जा घेऊन येते तेवढी, आणि ती प्रत्येक गोळीला खांद्यावर.

तितक्याच वजनाच्या .२२ मध्ये हाच आकडा येतो ०.१३ जूल. जवळपास दोनशे पट कमी.

भाऊ म्हणाला, "मी पोतं उचलतो, मला काय होतंय!" खरंय, खांद्याला काही होणार नाही. गडबड दुसरीकडं आहे. चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत जाणारा वेळ काही मिलिसेकंदांचाच असतो. माणसाला कुठल्याही गोष्टीवर प्रतिक्रिया द्यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे धक्का जाणवून तुम्ही दचकेपर्यंत गोळी कागदातून आरपार गेलेली असते. मग धक्क्यानं नेम बिघडतो तरी कसा?

तो आधीच बिघडलेला असतो. दहा-वीस गोळ्या झाल्या की शरीर शिकतं की आता धक्का येणार. मग चाप ओढायच्या क्षणीच डोळा मिटतो, खांदा पुढं ढकलला जातो, मनगट आवळतं. हे आपल्याला कळतही नाही. प्रशिक्षक यावर एक सोपी युक्ती वापरतात. नेमबाजाला न सांगता भरलेल्या काडतुसांमध्ये एखादं नकली काडतूस मिसळतात. चाप ओढला, बार उडाला नाही, पण नळी मात्र खाली झुकली, की चोरी पकडली.

सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. म्हणून जगभर शिकवायची सुरुवात कमी धक्क्याच्या हत्यारानं होते. शिकाऊ माणसाला मोठी रायफल दिली, तर तो नेम धरण्याऐवजी दचकणं शिकतो.

लांबचं लक्ष्य म्हणजे अवघड लक्ष्य?

सेंटरफायरच्या बाजूनं भावाचा दुसरा मुद्दा होता, "५० मीटरवर मारण्यात काय मोठं? खरी मजा ३०० मीटरवर."

हेही मोजून बघू. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं ५० मीटर रायफलच्या कागदावर १० गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. ३०० मीटरच्या कागदावर तेच वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. आता व्यासाला अंतरानं भागून कोन काढा. ५० मीटरला येतो ०.२१ मिलिरेडियन, ३०० मीटरला ०.३३. म्हणजे नुसत्या कोनाचा विचार केला तर जवळचं लक्ष्यच जास्त बारीक आहे! ३०० मीटरला वारा आणि धक्का यांची भर पडते, ते वेगळं. पण '५० मीटर म्हणजे पोरखेळ' हे काही खरं नाही.

स्वप्नीलचंच उदाहरण घ्या. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत त्याचे गुण होते ४५१.४. तिसऱ्या क्रमांकापर्यंत ४४ गोळ्या होतात. म्हणजे गोळीमागं सरासरी १०.२६. या कागदावर गुणांचा प्रत्येक दशांश ०.८ मिलिमीटरचा असतो, त्या हिशेबानं त्याच्या गोळ्या केंद्रापासून सरासरी सहा मिलिमीटरच्या आसपास पडल्या. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून. आणि हे सगळं .२२ रिमफायर रायफलीनं, जिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवलेला असतो. आवाजाचा वेग ओलांडून गेलेली गोळी वाटेत मंदावून परत त्याच्या खाली येते, तेव्हा तिचा मार्ग थोडा हलतो. स्पर्धेत तेवढं हलणंही परवडत नाही.

आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. तेही .२२ नंच. ऑलिंपिकमध्ये रायफलचे सध्याचे सगळे प्रकार एअर रायफल आणि .२२ एवढ्यांवरच खेळले जातात. ३०० मीटरचा सेंटरफायर प्रकार ऑलिंपिकमध्ये शेवटचा खेळला गेला १९७२ मध्ये, तोही म्युनिकलाच.

१९७२ मध्ये आणखी एक दार बंद झालं

म्युनिक ऑलिंपिक चालू असतानाच, ९ सप्टेंबर १९७२ ला, आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. सुरुवातीला या कायद्यात परवाना घेऊन शिकारीची थोडी वाट होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. आज भारतात छंद म्हणून शिकार करता येत नाही. ससा असो, भेकर असो की रानडुक्कर.

अमेरिकन व्हिडिओतला 'टार्गेट आणि हंटिंग दोन्हीसाठी' हा सल्ला इथं गळून पडतो तो यामुळं. सेंटरफायरची ताकद ही मुळात मोठं जनावर एका गोळीत पाडण्यासाठी असते. ते कामच जर नसेल, तर ती ताकद नुसती खांद्यावर आणि खिशावर भार.

मग मामाच्या भुईमुगाचं काय? ही तक्रार खोटी नाही, आणि तिला 'कायदा आहे' म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेची गावं, पाटण असो की शिराळा, हे दरवर्षी सोसतात. कायद्याच्या कलम ११ मध्ये यासाठी तरतूद आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका झालेल्या काही प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. पण तो आदेश त्या ठिकाणापुरता आणि त्या प्राण्यांपुरता. तो आधी मिळवायचा असतो, बार काढल्यावर नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते, त्यासाठी लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.

शस्त्र कायदा काय म्हणतो, तेही बघण्यासारखं आहे. १९५९ च्या या कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. आणि नेमबाजीच्या सरावासाठी उल्लेख आहे तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला .२२ रायफलीचा किंवा एअर रायफलीचा. म्हणजे भौतिकशास्त्रानं जे उत्तर दिलं, तेच कायदा लिहिणाऱ्यांनी साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. सेंटरफायर रायफलीसाठी 'योग्य कारण' वेगळं पटवून द्यावं लागतं.

आणि समजा परवाना मिळाला, तरी उसाच्या पट्ट्यात रायफल चालवणं ही फार भयंकर गोष्ट आहे. .२२ ची गोळी वर कोन करून सुटली तर दीड किलोमीटर जाऊ शकते. .३०-०६ ची गोळी तीन ते पाच किलोमीटर. प्रीतिसंगमावर उभं राहून आगाशिवच्या डोंगराकडं बघा, म्हणजे हे अंतर काय असतं ते कळेल. आता रात्री, बॅटरीच्या उजेडात, उसाच्या पानांमागं हललेल्या सावलीवर तुम्ही बार काढलाय असं समजा. त्या सावलीमागं काय आहे? पाणी पाजायला आलेला शेजारी? ऊसतोड कामगारांची पालं? गोळीला बांध कळत नाही. रेंजवर लक्ष्यामागं मातीचा उंच भराव असतो तो उगाच नाही.

हे ऐकून भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या शिवारात रात्री निदान पाचसहा जण तरी पाण्याला असतात." एवढं त्याच्याच तोंडून आलं, ते बरं झालं.

.३०८ च्या ऐवजी आपल्याकडं .३१५ का?

थोडा इतिहास, कारण दुकानात गेलात तर हे आकडे ऐकू येतील. इंग्रजांना भीती होती की सैन्याची चोरलेली काडतुसं बंडखोरांच्या बंदुकीत चालतील. म्हणून त्यांनी सैन्याच्या मापाच्या रायफली सामान्य माणसाला बंद केल्या. मग सैन्यात नसलेली मापं बाजारात आली. .३१५ हे त्यातलंच एक. त्याचं मूळ ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसात आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या आयुध निर्माणींनी तेच पुढं चालवलं. आजही .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर ही मापं 'प्रतिबंधित' आहेत. .३०८ हे ७.६२ चं जवळजवळ जुळं भावंडं, त्यामुळं भावाच्या यादीतलं पहिलं नाव तिथंच कटलं. .३१५ आणि .३०-०६ अप्रतिबंधित गटात येतात.

ज्याला खरोखर ३०० मीटर बिग बोअर खेळायचंय, त्याला सेंटरफायर लागते. पण तिथवर पोचलेला माणूस आधी काही वर्षं .२२ खेळून, स्पर्धेतले गुण दाखवून पोचलेला असतो. त्याला माझ्या लेखाची गरज नाही.

तीन गोळ्यांवर विश्वास ठेवू नका

रायफल कुठलीही असो, निवडताना लोक एक चाचणी करतात. तीन गोळ्या मारायच्या आणि भोकं किती जवळ पडली ते बघायचं. याला 'ग्रुप' म्हणतात. "या रायफलीनं १५ मिलिमीटरचा ग्रुप दिला" असं विकणारा सांगतो.

इथं मला माझं गाईड आठवतात. तीन रीडिंग घेऊन त्यांच्याकडं गेलं की ते वहीकडं न बघताच परत पाठवतात.

मी संगणकावर एक काल्पनिक रायफल बनवली. तिच्या गोळ्या दोन्ही दिशांना १० मिलिमीटर प्रमाण विचलनानं विखुरतात, ना जास्त ना कमी. तिला तीन-तीन गोळ्यांचे हजारो ग्रुप मारायला लावले. सरासरी ग्रुप आला २४ मिलिमीटर. पण सुमारे दोनतृतीयांश ग्रुप १५ ते ३३ च्या मध्ये पसरले होते आणि बाकीचे त्याच्याही बाहेर. रायफल तीच, गोळ्या त्याच, हात थरथरायला माणूसच नाही. तरी आज १५, उद्या ३३.

पाच गोळ्यांचा ग्रुप घेतला तर सरासरी ३१, दहाचा घेतला तर ३८. ग्रुप मोठा दिसतो म्हणून रायफल वाईट झाली नाही. उलट आकडा जास्त भरवशाचा झाला. तीन गोळ्यांच्या ग्रुपमध्ये आपोआप होणारा चढउतार ३७ टक्के असतो, दहाच्या ग्रुपमध्ये तो १९-२० टक्क्यांवर येतो. म्हणून कुणी छोटा ग्रुप दाखवला तर विचारा, किती गोळ्यांचा? आणि असे किती ग्रुप मारले? भोकं पाडलेला एकच कागद जपून ठेवलेला असेल, तर उरलेले कुठं गेले, तेही विचारा.

मग करायचं काय?

भावाला दिलेलं उत्तर असं:

१. आधी रायफल नको, रेंज शोध. कोल्हापूर, पुणे इथं रेंज आहेत, तिथं क्लबची एअर रायफल वापरायला मिळते. चार-सहा महिने तिच्यावरच काढ. ४.५ मिलिमीटर आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. पण म्हणून ती खेळणं नव्हे. डोळा फोडायला सात जूल पुरतात, आणि पाखरं मारणं हाही गुन्हाच आहे.

२. आपला प्रबळ डोळा कुठला ते बघ. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेव, त्यातून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघ, मग एकेक डोळा मिट. ज्या डोळ्यानं घड्याळ दिसत राहतं तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असू शकतो. असं असेल तर रायफल घेण्याआधी प्रशिक्षकाशी बोल.

३. दस्त्याची लांबी अंगाला बसली पाहिजे. मान पुढं ताणावी लागत असेल किंवा डोकं मागं ओढावं लागत असेल, तर ती रायफल कितीही महागाची असली तरी तुझी नव्हे.

४. रिकाम्या रायफलीचा सराव भरपूर कर. फक्त जुन्या रिमफायर रायफलीत रिकामा चाप ओढला तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून खाच पडू शकते. आधी विचारून घे.

५. गुण स्थिर व्हायला लागले की .२२, तीही क्लबच्या मार्फत. परवान्याचा अर्ज साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. नियम अधूनमधून बदलतात, २०१६ आणि २०१९ ला मोठे बदल झाले. म्हणून व्हिडिओवर न जाता कार्यालयात जाऊन विचार.

६. सेंटरफायर? ज्या दिवशी ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी तुझी निवड होईल, त्या दिवशी.

आणि डुकरांसाठी अर्ज, पंचनामा आणि कुंपण. हे रायफलीइतकं रुबाबदार नाही, मान्य आहे. पण मामाचा भुईमूग वाचायचा असेल तर तो यानंच वाचेल. तारेत थेट वीज सोडायचा विचार मात्र चुकूनही करू नका. त्या तारेला डुक्कर कोण आणि माणूस कोण, ते कळत नाही.

शेवटी एक गोष्ट. स्वप्नीलचं गाव कांबळवाडी राधानगरी तालुक्यात येतं. त्याच तालुक्यातलं दाजीपूरचं जंगल एकेकाळी कोल्हापूरच्या राजेसाहेबांचं शिकारीचं रान होतं. १९५८ साली तिथं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्या रानातले गवे आज गोळीच्या भीतीशिवाय चरतात, आणि त्याच तालुक्यातल्या पोरानं कागदावरच्या दहा मिलिमीटरच्या वर्तुळावर नेम धरून ऑलिंपिकचं पदक आणलं. भाऊ आता दर रविवारी कोल्हापूरची एसटी पकडतो. परवा फोन करून सांगत होता, पहिल्या दिवशी चाळीस छऱ्र्यांतले सात कागदाच्या बाहेरच गेले.

मी म्हटलं, चाळीस म्हणजे चांगलं सॅम्पल आहे. लिहून ठेव.